मोडक्या वस्तूचं गिऱ्हाईक

मुलांनो, परवा मधल्या सुट्टीत माझ्या चौथीच्या वर्गात जोरदार भांडण जुंपलं. एकानं आपलं शाईपेन देऊन दुसऱ्याकडून दहा स्टिकर घेतली होती. पेन घरी गेलं, त्यात शाई भरली, तर गळायला लागलं!

"बाई, यानं मला फसवलं!"

"मी कुठं फसवलं? यानं विचारलंच नाही!"

झालं! अर्धा वर्ग इकडे, अर्धा तिकडे. मी काय केलं ते मग सांगते. आधी एक गोष्ट ऐका. खरी आहे बरं का!

१९९५ साल. अमेरिकेत कॅलिफोर्नियात पिएर ओमिदयार नावाचा २८ वर्षांचा तरुण संगणकाचे प्रोग्रॅम लिहायची नोकरी करत होता. इंटरनेट तेव्हा अगदी नवंनवं. सप्टेंबरात तिकडे कामगार दिनाची जोडून सुट्टी असते. त्या सुट्टीत घरी बसून त्यानं लिलावाची एक जागा इंटरनेटवर तयार केली. नाव ठेवलं 'ऑक्शनवेब'. कुणीही आपली वस्तू मांडावी, हवी असेल त्यानं बोली लावावी. हे चालतं का, ते पाहायला त्यानं स्वतःचा मोडका लेझर पॉइंटर मांडला. म्हणजे भिंतीवर लाल ठिपका पाडणारी ती कांडी असते ना, ती. मोडका आहे, असं स्पष्ट लिहून हं!

कोण घेणार, म्हणाल तुम्ही. पण तो विकला गेला, १४ डॉलर ८३ सेंटना! ओमिदयारलाच चैन पडेना. त्यानं गिऱ्हाइकाला विचारलं, हा मोडका आहे हे कळलंय ना? गिऱ्हाइकानं कळवलं, मी मोडके पॉइंटरच जमवतो. आता बोला!

आधी तो कुणाकडून काही घेत नसे. पण गर्दी वाढली आणि इंटरनेटची जोडणी देणाऱ्या कंपनीनं महिन्याचा आकार ३० डॉलरवरून २५० डॉलर केला. मग त्यानं विक्रीतला थोडासा भाग मागायला सुरुवात केली. लोकांनी तो पाठवला, चक्क टपालानं! कुणी छोटे चेक, तर कुणी कार्डाला चिकटवलेली नाणी. पाकिटांचा एवढा ढीग साचला, की ती फोडायला माणूस ठेवावा लागला. १९९६मध्ये ओमिदयारनं नोकरी सोडली.

खरी अडचण मात्र पुढंच होती. घेणारा एका गावात, देणारा हजार मैलांवर. कुणी कुणाला पाहिलेलं नाही. तक्रारी ओमिदयारकडे येऊ लागल्या. तो म्हणे, आपसांत मिटवा. पण किती दिवस? शेवटी १९९६च्या फेब्रुवारीत त्यानं एक उघडी पाटीच मांडली. ज्याच्याशी व्यवहार झाला, त्याच्याबद्दल सर्वांना दिसेल असं लिहायचं. तक्रार असेल तर तक्रार, पण चांगला अनुभव आला तर कौतुकसुद्धा. मला यातलं कौतुकाचं कलम फार आवडतं. आपण तक्रार लगेच करतो, शाबासकी मात्र विसरतो.

१९९७मध्ये या दुकानाचं नाव 'ई-बे' झालं. पुढे एक गोड गोष्ट छापून येई, की होणाऱ्या बायकोला पेझ गोळ्यांच्या डब्या जमवता याव्यात म्हणून त्यानं हे सारं उभारलं. तिला नाद होता खरा, पण दुकान त्यासाठी निघालं हे प्रसिद्धीसाठी रचलेलं होतं. २००२मध्ये एका पुस्तकातून ते उघड झालं. विश्वासावर चालणाऱ्या दुकानानं असं करायला नको होतं, असं मला तरी वाटतं.

तर आमचा वर्ग. मी स्टिकर परत करायला लावली आणि 'देवघेव वही' सुरू केली. दोघांनी सही करायची, अनुभव लिहायचा. पंधरा दिवस मजेत गेले. मग एका मुलीनं एकाबद्दल लिहिलं, 'पट्टी तुटकी दिली.' खरंच तुटकी होती. त्यानं रागानं तिच्या नावापुढं लिहिलं, 'ही लबाड आहे.' कुणी तिच्याशी देवघेव करेना. ती दोन दिवस शाळेतच आली नाही.

मी तिच्या घरी गेले. आई म्हणाली, "बाई, वही तुमची, पण रडते माझी पोर." काय बोलणार? सूडाचं लिहिणं ई-बेवरही होत होतंच. २००८मध्ये त्यांनी विकणाऱ्यानं गिऱ्हाइकाबद्दल वाईट लिहिणं बंद केलं. हे मला ठाऊक होतं, तरी वर्गात ध्यानात आलं नाही. चूक माझीच.

आता वहीत माणसाबद्दल लिहायचं नाही, वस्तूबद्दल लिहायचं. त्या मुलानं आपली ओळ स्वतः खोडली. ती मुलगी येते, पण वहीपासून अजून लांबच असते.

आणि ते पेन? मालकानं या सोमवारी पुन्हा मांडलं. पुढं लिहिलं होतं, 'गळतं. ठिपक्यांचं चित्र काढायला बरं.' तीन स्टिकरांना गेलं.