आरएक्स १००ला १३५चा ब्लॉक: बसतो, पण जुळतो का?

२०२५ हे वर्ष जुन्या बाइकवाल्यांना जडच गेलं. आधी एचएसआरपीची, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेटची धावपळ. मग ऑगस्टमध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २० वर्षांपेक्षा जुन्या मोटरसायकलच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क दुप्पट करून २,००० रुपये केलं. त्यात पेट्रोल पंपावर ई२०चा वाद वर्षभर चालूच होता. आमच्या मौद्यात या तिन्ही विषयांची गाडी शेवटी एकाच गाडीपाशी येऊन थांबते, ती म्हणजे यामाहा आरएक्स १००.

माझ्या एका मित्राकडे १९९४ची आरएक्स आहे. ब्लॉक झिजलाय, सायलेन्सरमधून धूर आणि चढावर दम नाही. (सिलेंडरला गॅरेजमध्ये ब्लॉकच म्हणतात, मीही तेच म्हणतो.) फिटरने सांगितलं, "कशाला बोअर मारत बसता, १३५चा ब्लॉक-पिस्टन टाकू, गाडी उडेल." असा सल्ला मिळालेले तुमच्यातही बरेच असतील. रील्सवर तर हे रोजच दिसतं. सल्ला अगदीच खोटा नाही, म्हणून तर तो नीट तपासायला हवा.

आधी आकडे. आरएक्स १०० आपल्याकडे १९८५मध्ये एस्कॉर्ट्सच्या साथीने आली आणि १९९६मध्ये बंद झाली. तिचा बोअर ५० मिमी, स्ट्रोकही ५० मिमी. बोअर म्हणजे पिस्टन ज्या नळीत फिरतो तिचा आतला व्यास, स्ट्रोक म्हणजे पिस्टनचा वर-खाली प्रवास. त्यावरून हिशोब केला की ९८ सीसी येतात. आरएक्स १३५चा बोअर ५८ मिमी आणि स्ट्रोक तोच ५०. त्याचे होतात १३२ सीसी. स्ट्रोक सारखा, म्हणजे पिस्टन जेवढा वर-खाली जायला हवा तेवढाच जातो. सगळ्या अदलाबदलीचं मूळ इथे आहे. खालचं इंजिन तेच ठेवून वरचा मजला बदलता येतो.

आता "बसतो" म्हणजे काय ते बघू. ५८ मिमीच्या पिस्टनभोवतीचा लायनर बाहेरून ५८पेक्षा जाडच असणार, आणि त्याचा खालचा भाग क्रँककेसच्या तोंडात उतरतो. १००च्या क्रँककेसचं तोंड ५० मिमीच्या ब्लॉकसाठी कापलेलं असतं. म्हणून लेथवर नेऊन ते मोठं करावं लागतं. ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आणि रीलमध्ये ती दोन सेकंदात संपते. एकदा तोंड कापलं की मूळ ब्लॉक परत नीट बसवणं अवघड. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर इथे रोलबॅक नाही.

पुढची गोष्ट जोराची. ५८चा वर्ग भागिले ५०चा वर्ग करा, १.३५ येतं. स्फोटाचा दाब तेवढाच धरला तरी पिस्टनच्या डोक्यावर जवळजवळ ३५ टक्के जास्त जोर पडतो. तो सगळा कनेक्टिंग रॉड, बेअरिंग आणि क्रँकवरून खाली जातो. पिस्टन मोठा म्हणजे जडही, आणि क्रँकचं वजन जुन्या पिस्टनच्या हिशोबाने तोललेलं असतं. मग हँडलला आणि फूटरेस्टला झिणझिण्या येतात. लोक त्यालाच पॉवर समजतात, हा भाग वेगळा.

टू-स्ट्रोकमध्ये आणखी एक गोष्ट आहे जी फोर-स्ट्रोकवाल्यांना पटकन लक्षात येत नाही. इथे वरती व्हॉल्व्ह नसतात. ब्लॉकच्या भिंतीतच खिडक्या असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. पिस्टन खाली-वर जाताना त्या उघडतो, झाकतो. म्हणजे इंजिनाचं टायमिंग ब्लॉकच्या आत कोरलेलं असतं. त्यात पिस्टनच्या रिंगची टोकं एका बारीक पिनने एकाच जागी धरलेली असतात, कारण टोक फिरत फिरत खिडकीसमोर आलं तर अडकतं, तुटतं आणि ब्लॉक खरडून काढतं. म्हणून एका मॉडेलचा पिस्टन दुसऱ्याच्या ब्लॉकमध्ये नुसत्या व्यासाकडे बघून टाकायचा नसतो. पिन कुठे आहे, गजन पिनची जाडी काय, पिस्टनची उंची काय, हे सगळं जुळावं लागतं. ब्लॉक आणि पिस्टन घ्यायचेच असतील तर एकाच मॉडेलची जोडी घ्या, आणि हेडही त्याच मॉडेलचं. इंटरफेस सारखा दिसला म्हणून लायब्ररी बदलली, कोड कंपाइलही झाला, आणि चालू सिस्टीममध्ये सगळं कोसळलं, असा प्रकार आमच्या ऑफिसात होतो. इथे कोसळण्याचं नाव "इंजिन जाम".

जाम होण्याचा संबंध ई२०शी येतो. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे कार्ब्युरेटरचा जेट तोच ठेवला तर मिश्रण थोडं लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी. नव्या गाड्यांमध्ये सेन्सर आणि इंजेक्शन ते सांभाळून घेतात. १९९४च्या कार्ब्युरेटरला कोण सांगणार? लीन मिश्रणाने पिस्टन तापतो. त्यात ९८ सीसीचा जेट तसाच ठेवून वर १३२ सीसीचा ब्लॉक, आणि टू-टी ऑइलचा पंपही जुन्या इंजिनाच्या गरजेवर सेट केलेला. मग नागपूर-भंडारा हायवेवर मे महिन्यात ताणून पळवली की पिस्टन आणि ब्लॉक एकमेकांना धरतात आणि मागचं चाक लॉक होतं. मागून ट्रक येत असताना ही कल्पना करून बघा.

आता कागद. इंजिन नंबर असतो क्रँककेसवर. ब्लॉकवर नाही. एचएसआरपी बुक करताना चेसिस आणि इंजिन नंबरचे शेवटचे पाच अंक विचारतात आणि 'वाहन' पोर्टलच्या नोंदीशी जुळवतात. ब्लॉक बदललेली गाडी ही परीक्षा आरामात पास होते, कारण डेटाबेसच्या दृष्टीने इंजिन तेच. बदललेला असतो सीसीचा रकाना, जो कोणी प्रत्यक्ष मोजत नाही. अनेकांना यातूनच वाटतं की हे कायदेशीर आहे.

तसं ते नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की उत्पादकाने मुळात दिलेला आणि आरसीवर नोंदलेला तपशील गाडीत वेगळा दिसेल असा बदल मालकाने करायचा नाही. सीसी हा त्याच तपशिलाचा भाग आहे. जानेवारी २०१९मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही हीच रेषा ओढली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

विम्यात गंमत आहे. थर्ड पार्टी हप्त्याचा एक टप्पा ७५ ते १५० सीसी असा आहे, २०२२पासून वर्षाला ७१४ रुपये. ९८ आणि १३२ दोन्ही त्यातच. हप्ता एक रुपयाने बदलत नाही, त्यामुळे कंपनीला सांगावंसं कोणालाच वाटत नाही. पण अपघातानंतर सर्व्हेअरने इंजिन उघडलं की "महत्त्वाची माहिती लपवली" हा मुद्दा कंपनीच्या हाती आयता येतो.

मग मित्राला मी काय सांगितलं? बोअर मार. ५० मिमीच्या ब्लॉकला पाव मिमीच्या पायऱ्यांनी ओव्हरसाइझ पिस्टन मिळतात, ५१पर्यंत. शेवटच्या पायरीवरही इंजिन जेमतेम १०२ सीसी होतं. ही दुरुस्ती आहे, रूपांतर नाही, आणि क्रँककेसला हात लागत नाही. चांगला लेथवाला शोधायला मौद्याहून नागपूरला जावं लागलं तर जावं.

भावाचाही विचार करा. केंद्राच्या २०२१च्या नियमांत ५० वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या गाडीला 'विंटेज' नोंदणी मिळते. पहिल्या आरएक्स १०० तिथे २०३५मध्ये पोचतील. कापलेल्या क्रँककेसची गाडी मूळ रूपात आहे हे तेव्हा कोणाला पटवणार?

आणि जुनी आरएक्स विकत घेत असाल तर नुसता इंजिन नंबर जुळवून पैसे देऊ नका. मालकाला हेड उघडून दाखवायला सांगा, नव्या गॅस्केटचे पैसे तुम्ही द्या, आणि ब्लॉकच्या तोंडाला व्हर्नियर लावा. ५० ते ५१च्या मधला आकडा आला तर ठीक. ५८च्या आसपास आला तर आरसीवरची गाडी आणि समोर उभी असलेली गाडी वेगळी आहे.