गिरवण्याआधी

व्हर्जिनियात ३० सप्टेंबरपर्यंत पाच वर्षे पूर्ण करणारे मूल त्या वर्षी किंडरगार्टनला जाऊ शकते. म्हणून अ‍ॅशबर्नमधल्या आपल्या घरांत चौथ्या वर्षीच छापील कृतिपत्रिकांचे गठ्ठे निघू लागतात: ठिपके जोडा, रेघ ओढा, अक्षर गिरवा. ज्यांच्या पणजोबांना वर्गाबाहेर बसावे लागले, त्या घरांत लेखणीची ही घाई समजण्याजोगी आहे. परंतु गिरवणे ही शेवटची पायरी. तिच्याआधी बोटांचे बरेच काम व्हायचे असते.

दीड वर्षाचे मूल खडू मुठीत धरते. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांची पकड बहुधा चार ते सहा वर्षांच्या दरम्यान स्थिरावते. त्याआधी बारीक रेघेवर पेन्सिल फिरवायला लावली, तर हात दुखतो आणि अक्षराचा कंटाळा येतो.

१९४५ मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला बालशिक्षणाचे केंद्र सुरू केले. दलित वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. माँटेसरीची महाग साधने तेथे परवडणारी नव्हती. त्यांच्या जागी बिया, शिंपले, पाने आणि माती आली. आपल्याकडे प्रिंटर आहे, ही सोय खरी. पण कागदावर ठेवायला काहीतरी हवेच.

मोठे ‘ग’ पानभर छापा. रेघ बोटाएवढी जाड असू द्या. मुलाने कणकेची वळी करून ती त्या रेघेवर बसवावी. दुसऱ्या दिवशी त्याच पानावर राजमा एकेक करून मांडावा. (तीन वर्षांखालील भावंड घरात असेल तर दाणे नकोत, कणीकच बरी.) शिरोरेषेसाठी रंगीत कागदाची पट्टी हाताने फाडून चिकटवावी. फाडताना दोन्ही हात विरुद्ध दिशांना चालतात, आणि हे काम मुलांना मनापासून आवडते. पान कधी भिंतीवर चिकटवून रंगवायला द्या. मनगट आपोआप योग्य कोनात येते. खडू अखंड देऊ नका, मोडून तुकडा द्या. तुकडा मुठीत मावत नाही, चिमटीतच धरावा लागतो.

‘अ’पासून आरंभ करण्याचा आग्रहही सोडावा. त्याची वळणे अवघड आहेत. ग, म, भ, न ही वळणांनी जवळची अक्षरे आधी घेतली, की ‘भीम’ लिहिण्याचा दिवस फार लांब राहत नाही.

कात्रीचे काम मात्र सावकाश. तिसऱ्या वर्षी कडेला नुसते कातरे मारावेत, चौथ्या वर्षी सरळ रेघ कापावी. वैशाख पौर्णिमेसाठी पिंपळपान छापणार असाल, तर त्याचे लांब टोक मोठ्यांनी कापावे. धम्मचक्रही आठ आऱ्यांचेच घ्यावे. चोवीस आऱ्या रंगवताना चार वर्षांचे मूल निम्म्यावर उठून जाते.