बंद गिरणीत फ्लॅश कशाला?

बंद पडलेली गिरणी म्हटली की आपल्याला आठवतो रामसे बंधूंचा सिनेमा. अंधार, वटवाघळं, करकरणारं दार! मग कॅमेरा किंवा मोबाईल घेऊन आत गेलेला माणूस धडाधड फ्लॅश मारतो आणि भुताटकीचे फोटो घेऊन बाहेर येतो. माझं स्पष्ट मत आहे की हे फोटो खोटे असतात. गिरणी मुळात अंधारी नसतेच. ती उजेडासाठीच बांधलेली असते.

सिव्हिलवाल्यांना नॉर्थ लाईट ट्रस माहीत आहे. शीटवर आपण तो काढतो, मार्क्स घेतो आणि विसरतो. करवतीच्या दात्यांसारखं छप्पर, प्रत्येक दात्याची एक बाजू काचेची आणि तिचं तोंड उत्तरेला. विजेच्या दिव्यांच्या आधीची ही युक्ती लँकेशायरच्या गिरण्यांबरोबर आपल्याकडे आली. उत्तरेकडून थेट ऊन येत नाही, आकाशाचा मऊ, सारखा उजेड येतो. त्यामुळे मागावर काळ्या सावल्या पडत नाहीत आणि तुटलेला धागा लगेच दिसतो. म्हणजे ज्याला फोटोग्राफर ऐटीत ‘अव्हेलेबल लाइट’ म्हणतात, तो इंजिनिअरने केव्हाच डिझाईन करून ठेवलाय!

गंमत पुढेच आहे. सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर येतं. त्यामुळे मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलैअखेरपर्यंत भर दुपारी सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो. लँकेशायरमध्ये असं कधीच होत नाही. छप्पर शाबूत असेल, तर या दिवसांत उत्तरेच्या काचेतूनही उन्हाची चिंचोळी पट्टी आत उतरते. डिसेंबरात ती सापडणार नाही. नीट काढलेल्या फोटोवरून ऋतूसुद्धा ओळखता येतो. फ्लॅश मारला की हे सगळं पुसलं जातं. वर फिजिक्सही विरोधात. अंतर दुप्पट झालं की फ्लॅशचा प्रकाश चौथाई होतो. जवळचा खांब पांढराफटक आणि मागची अख्खी शेड काळीकुट्ट. झाला भूतबंगला तयार!

काहीजण म्हणतील, बिघडलं काय, इफेक्ट तर मस्त येतो. बिघडतं ते असं. सोलापूरची जुनी गिरणी १८७७ साली सुरू झाली. १९४९ साली ती बंद पडली तेव्हा १९५० साली खास वटहुकूम काढून सरकारने तिचा कारभार हातात घेतला. प्रकरण थेट सुप्रीम कोर्टात गेलं. एका गिरणीसाठी देशाला कायदा करावा लागला, कारण तिच्यावर हजारो चुली पेटत होत्या. सोलापुरात आजही अनेक घरांत कुणाचे तरी आजोबा गिरणीत होते. त्यांच्या कामाच्या जागेला आपण हॉरर सिनेमाचा सेट करायचा का?

जर्मनीतलं बेर्न्ड आणि हिला बेखर हे जोडपं १९५९ पासून पाण्याच्या टाक्या, झोतभट्ट्या, खाणींचे मनोरे यांचे फोटो काढत राहिलं. मुद्दाम ढगाळ दिवस बघून, सरळ समोरून. ना नाट्य, ना भीती. पुढे त्यातल्या कितीतरी वास्तू पाडल्या गेल्या, फोटो राहिले.

आमच्या मोडनिंबवरून बार्शी लाईट रेल्वेची छोटी गाडी जायची. दोन रुळांत अंतर फक्त ७६२ मिलिमीटर. या शतकाच्या सुरुवातीला तिथे ब्रॉडगेज आली. मी ती छोटी गाडी पाहिलेली नाही, आणि आमच्या घरात तिचा एकही फोटो नाही. रोज दिसणाऱ्या गोष्टीचा फोटो कोण काढतं? गिरण्यांचंही तेच होणार.

तेव्हा हॉस्टेलवासी मित्रमैत्रिणींनो, पुढच्या सुट्टीत जमलं तर जा. मालकाची परवानगी काढून, दिवसाउजेडी, दोघं-तिघं मिळून. कुजक्या लाकडी मजल्यावर पाय ठेवू नका. ट्रायपॉड नसेल तर चार विटा रचा, आयएसओ १०० ठेवा आणि कोपऱ्यात दोन-चार सेकंद शटर उघडं राहू द्या. काच फार पांढरी येत असेल तर उजेडाकडे पाठ करा. फोटोखाली तारीख, वेळ आणि दिशा लिहा. सबमिशनच्या फाईलला आपण एवढं लिहितोच की! इथे तर ते खरंच कुणाच्या तरी उपयोगी पडेल.