ना भूत, ना ढोंग

परीक्षेच्या दिवसांत वर्गातील एखादी मुलगी अकस्मात कोसळते, हातपाय ताठ करते, वीस मिनिटांनी भानावर येते आणि मधल्या वेळात काय घडले हे तिला सांगता येत नाही. अशा प्रसंगी भोवती जमलेल्यांपाशी दोनच निवाडे तयार असतात. 'बाहेरचे काही तरी आहे' हा एक, आणि 'अभ्यास टाळण्याचे नाटक आहे' हा दुसरा. पहिला तिला देवऋषाच्या दारी नेतो. दुसरा तिच्या नाकाशी कांदा धरतो, प्रसंगी थोबाडीतही मारतो. यांहून वेगळी अशी तिसरी शक्यता असते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

वैद्यकशास्त्र या तिसऱ्या शक्यतेला डिसोसिएटिव्ह विकार म्हणते. स्मृती, जाणीव, स्वतःची ओळख आणि शरीरावरील ताबा ही सारी निरोगी मनात एका सूत्रात ओवलेली असतात. आघात वा कोंडी असह्य झाली, की हे सूत्र कोठे तरी सुटते आणि जे सोसवत नाही ते मन जणू वेगळे काढून ठेवते. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ पिएर जाने याने १८८९ साली या प्रक्रियेची शास्त्रीय मांडणी केली. अमेरिकेतील ऱ्होड आयलंडचा धर्मोपदेशक अन्सेल बोर्न १८८७ च्या जानेवारीत घरून नाहीसा झाला आणि पेनसिल्व्हेनियातील नॉरिसटाउन येथे ए. जे. ब्राउन या नावाने लहानसे दुकान चालवू लागला. मार्चमध्ये एका पहाटे तो जागा झाला तेव्हा त्याला आपले खरे नाव आठवत होते. दुकानाची मात्र काहीच आठवण नव्हती. विल्यम जेम्सने १८९० साली आपल्या ग्रंथात ही हकिकत नोंदविली.

इतकी टोकाची उदाहरणे विरळाच. नित्य आढळणारी लक्षणे अधिक साधी, म्हणूनच नजरेतून निसटणारी असतात. नेहमीच्या विसराळूपणात न बसणाऱ्या पोकळ्या आयुष्याच्या आठवणीत पडणे. आपण शरीराबाहेर उभे राहून स्वतःकडे पाहत आहोत, किंवा भोवतालचे जग स्वप्नवत, खोटे आहे असे वारंवार वाटणे. तपासण्या निर्दोष असूनही वाचा बसणे वा हातापायांतील बळ जाणे. डोळे घट्ट मिटून दीर्घकाळ चालणारे झटके येणे. ही त्यांतील प्रमुख होत. थकव्याने वा जागरणाने क्षणभर असे परकेपण कोणालाही वाटू शकते. ते वारंवार येऊ लागले व दैनंदिन व्यवहार अडू लागले, तरच त्याला विकार म्हणावे. झटका अपस्माराचा की मनाचा, याचा निर्णय मात्र शिक्षकाने वा शेजाऱ्याने करू नये. ते डॉक्टरांचेच काम आहे. हा विकार म्हणजे छिन्नमनस्कताही नव्हे, जरी बोलण्यात व चित्रपटांत या दोहोंची नेहमीच गल्लत होते.

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे. देवीच्या जागरात अंगात येणारी प्रत्येक स्त्री मग रोगी समजावयाची काय? तसे नाही. २०२२ पासून लागू झालेले जागतिक आरोग्य संघटनेचे वर्गीकरणही रूढ धार्मिक आचाराचा भाग असलेल्या अशा अवस्थेला विकार मानत नाही. ती अवस्था इच्छेविरुद्ध, अवेळी येऊन माणसाला यातना देऊ लागली, म्हणजे मात्र उपचाराचा प्रश्न उद्भवतो.

उपचार आहेत, परंतु ते बाटलीतून मिळत नाहीत. या विकारावर असे खास औषध नाही. प्रशिक्षित तज्ज्ञाशी चालणारा दीर्घ संवाद हाच मुख्य उपाय. आपल्याकडे तुटवडा आहे तो नेमका अशा तज्ज्ञांच्या वेळेचा. २०१५-१६ मध्ये निम्हान्स संस्थेने बारा राज्यांत केलेल्या पाहणीत निरनिराळ्या मानसिक विकारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांवाचून असल्याचे आढळले. ही पोकळी भरून काढतो तो भगत, आणि त्याची दक्षिणा कर्ज काढूनही दिली जाते. भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे वा साखळीने बांधणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरला आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार हा हक्क मानला असून विमा कंपन्यांनाही मनाचे व शरीराचे आजार समान लेखण्यास बांधले आहे. २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'टेली-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. कायदे आहेत; ते वापरणारी नजर हवी.

काही जण खरोखरच सोंग करीत असतील, हे मान्य. परंतु दोन चुकांची किंमत सारखी नसते. सोंग करणाऱ्याचे ऐकून घेतले तर फार तर एक तास वाया जातो. खऱ्या रुग्णाला खोटे ठरविले, तर ज्या अविश्वासापोटी तिचे मन मिटले असेल त्यालाच आपण दुजोरा देतो. आणि घरीच छळ होत असेल, तर तो सांगण्याची उरलीसुरली जागाही बंद करतो. शिक्षकाने निदान करावयाचे नाही. त्याने गर्दी हटवावी, मुलीला इजा होऊ देऊ नये, पालकांना डॉक्टरांकडे जाण्यास सांगावे, आणि ती स्थिरावल्यावर तिला एकांतात शांतपणे विचारावे: घरी, शाळेत सारे ठीक आहे ना? आणि उत्तराची वाट पाहावी.