चहा उकळेपर्यंत नऊ स्लाइड्स



मागचा अंक हाती पडल्यावर तिघांचे फोन आले आणि तिघांचं गाऱ्हाणं एकच. "काय तुम्ही राउटर आणि बॅकअपवर लिहिता! दिवसाचे चार तास ज्यात जातात त्या पॉवरपॉइंटवर लिहा की." बरोबर आहे. प्लेनोत लेगसीच्या बाजूला काचेच्या इमारतींत आपली जी मंडळी रोज सकाळी शिरतात, त्यांचं कार्डावरचं पद काही असो, खरा धंदा स्लाइड्स पाडण्याचाच. तेव्हा या वेळी तोच विषय.

आधी थोडं जुनं. मी सांगलीला इंजिनिअरिंगला होतो तेव्हा सेमिनारला ओएचपी असायचा. पारदर्शक शीट विद्यार्थ्याच्या खिशाला महाग, आणि मार्करने एकदा लिहिलेलं पुसलं तरी डाग राहायचा. म्हणून वहीच्या मागच्या पानावर चार वेळा खरडायचं आणि मगच शीटला हात लावायचा. पॉवरपॉइंटचा जन्मही अशाच शीट्स करण्यासाठी झाला. रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन यांनी फोरथॉट नावाच्या छोट्याशा कंपनीत तो बनवला. एप्रिल १९८७ मध्ये तो मॅकिंटॉशवर आला, तोही काळा-पांढरा. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती कंपनी १ कोटी ४० लाख डॉलर्सना विकत घेतली. पुढचं रामायण सगळ्यांना ठाऊक आहे.

आता वेळ वाचवणाऱ्या सोयी. २०१५च्या अखेरीस 'डिझायनर' आला. तुम्ही एक फोटो आणि चार ओळी टाकायच्या, तो बाजूला मांडणीचे नमुने दाखवतो. आवडेल त्यावर क्लिक करा, झालं. ही चौकट जरा डावीकडे, तो बाण जरा खाली, यात जाणारी संध्याकाळ वाचते. पुढे तालीम करून घेणारा 'कोच' आला. खोलीचं दार लावून त्याच्यासमोर बोलायचं. किती वेगाने बोललात, 'अम्म' किती वेळा केलंत, स्लाइड नुसती वाचून दाखवलीत का, हे तो शेवटी सांगतो. मी पहिल्यांदा बसलो तेव्हा मुलीने दाराबाहेरून विचारलं, "बाबा, तू कॉम्प्युटरशी भांडतोयस का?"

आणि नोव्हेंबर २०२३ पासून कंपन्यांना 'कोपायलट' मिळू लागला, सुरुवातीला माणशी महिना ३० डॉलर्सना. त्याला वर्डमधला रिपोर्ट दाखवायचा, की तो मथळे, मुद्दे, चित्रं, बोलायच्या नोट्स, सगळं मांडून देतो.

एक जुनी आणि फुकटची युक्तीही सांगून ठेवतो, कारण ती अजून बऱ्याच जणांना माहीत नसते. स्लाइड शो चालू असताना स्लाइडचा नंबर दाबून एंटर केलं की थेट तिथे जाता येतं. बी दाबलं की पडदा काळा होतो. साहेबांनी "ते मघाचं परत दाखवा" म्हटलं की अठरा वेळा बाण बडवायला नको.

तर कोपायलट. वसंतात एका पॉवर सप्लायच्या चाचणीचा चौदा पानी रिपोर्ट माझ्याकडे आला. दुसऱ्या दिवशी ग्राहकासमोर उभं राहायचं होतं. पूर्वी यात माझी अख्खी दुपार गेली असती. मी रिपोर्ट यंत्राला दिला, चहा ठेवायला उठलो, आणि चहा उकळेपर्यंत नऊ स्लाइड्स तयार! तिसऱ्या स्लाइडवर मोठ्या अक्षरांत 'सर्व चाचण्या यशस्वी' आणि पुढे हिरवी खूण. मी एकदा नजर फिरवली, कंपनीचा लोगो नीट केला आणि वेळेवर झोपलो.

मीटिंगमध्ये तिसरी स्लाइड आली तेव्हा मागून एक हात वर झाला. ज्याने चाचण्या केल्या होत्या तो मुलगा, कॉलेजातून बाहेर पडून दोन वर्षंही झाली नसतील. घाबरत म्हणाला, "सर, पान अकरा." पान अकरावर एक वाक्य होतं: चाचण्या फक्त २५ अंश सेल्सिअसला झाल्या आहेत, ७० अंशांची बाकी आहे. आणि ते यंत्र बसणार होतं उघड्यावर, खांबावरच्या पेटीत, टेक्सासच्या ऑगस्टमध्ये. ग्राहक त्या दिवशी ऑर्डरवर सही करणार होता. स्लाइडवर खोटं काहीच नव्हतं हो. केलेल्या सगळ्या चाचण्या यशस्वीच झाल्या होत्या. न केलेली तेवढी गाळली गेली होती, आणि नाव माझं होतं.

त्या रात्री मला आर्लिंग्टन आठवलं. २००३ साली मी तिथे एम.एस. करत होतो. १ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी आठच्या सुमारास अपार्टमेंटच्या खिडक्या थरथरल्या. थोड्या वेळाने टीव्हीवर कळलं, की कोलंबिया यान आपल्याच डोक्यावर तुटलं. सातही जण गेले. त्यातली कल्पना चावला आमच्याच विद्यापीठातून १९८४ साली एम.एस. झालेली. एरवी गजबजलेल्या आमच्या खोलीत त्या दिवशी कुणी बोलत नव्हतं.

उड्डाणाच्या वेळी फोमचा तुकडा डाव्या पंखावर आदळला होता. यान वर असतानाच इंजिनिअर्सनी त्याचा अभ्यास करून नासाला स्लाइड्स दाखवल्या. त्यातली एक पुढे कुप्रसिद्ध झाली. मथळा वाचून वाटावं, हिशेब सुरक्षित बाजूला आहे. आणि तळाशी, मुद्द्याच्या पोटात मुद्दा अशा आत ढकललेल्या ओळींत खरी गोष्ट: चाचणीतला तुकडा होता ३ घन इंचांचा, यानावर आदळलेला अंदाजे १,९२० घन इंचांचा. म्हणजे ६४० पट! येलचे प्राध्यापक एडवर्ड टफ्टी यांनी ती स्लाइड ओळीओळीने सोलून दाखवली, आणि ऑगस्ट २००३ मधल्या चौकशी मंडळाच्या अहवालानेही तांत्रिक अहवालांच्या जागी स्लाइड्स वापरण्यावर बोट ठेवलं. अपघात स्लाइडमुळे झाला असं नव्हे. पण तो आकडा मथळ्यात असता, तर खोलीतल्या कुणीतरी चहाचा कप खाली ठेवला असता.

आणि लक्षात घ्या, ती स्लाइड माणसांनी हाताने केली होती. आपल्याकडे आता हेच काम मिनिटभरात होतं. कुठली ओळ वर आणि कुठली गाळायची, हे यंत्र ठरवतं आणि आपण रंग तपासतो.

मी यंत्र सोडलेलं नाही. फक्त रिपोर्ट त्याला देण्याआधी कागदावर एक ओळ लिहितो: यात काय तपासलेलं नाही? ती दुसरी स्लाइड, आणि ती मी स्वतः टाईप करतो. मग बाकीचं त्याने खुशाल करावं. शेवटी पेन्सिल घेऊन स्लाइडवरचा प्रत्येक आकडा मूळ रिपोर्टशी ताडतो. वाचलेल्या तीन तासांतली चाळीस मिनिटं यात परत जातात. बायको म्हणते, "अरे, मग मशीनचा उपयोग काय?" दोन तास वीस मिनिटं, मी सांगतो.

स्लाइड्स झाल्या की आता आधी त्या मुलाला दाखवतो. ७० अंशांची चाचणी नुकतीच झाली. तीन बोर्डांपैकी दोन पास झाले, एक बेचाळिसाव्या मिनिटाला बंद पडला. त्या स्लाइडसाठी डिझायनरने सहा नमुने सुचवले होते, एकात तर सुंदर सूर्योदय होता. मी पांढऱ्या पानावर मथळ्यातच लिहिलं: तीनपैकी एक बोर्ड नापास.