हत्तीची नव्हे, खाडीची लढाई

वाशिष्ठीकाठच्या परशुराम देवस्थानाची १७२७ साली झालेली लूट आणि त्यानंतरची जंजिऱ्याची मोहीम यांचे मूळ एका हत्तीत शोधण्याची प्रथा आहे. कथा अशी. सावनूरच्या नबाबाकडून जंजिऱ्याच्या सिद्दींचा अंजनवेलचा सरदार सिद्दी सात याच्यासाठी एक हत्ती निघाला. परशुराम देवस्थानाचे ब्रह्मेंद्रस्वामी यांची माणसे त्याच्या सोबतीला होती. मराठ्यांचे आरमार सांभाळणाऱ्या आंग्र्यांच्या लोकांनी वाटेत तो धरून जयगडला नेला. हे स्वामींचेच कारस्थान, असा संशय घेऊन सिद्दी सातने महाशिवरात्रीला परशुरामावर हल्ला केला. स्वामी कोकण सोडून साताऱ्याजवळ धावडशीला गेले आणि अखेर पेशव्यांच्या फौजा कोकणात उतरल्या.

यातल्या घटना खऱ्या आहेत, त्यांची साखळी मात्र जुळत नाही. स्वामींनी रदबदली केल्यावर कान्होजी आंग्र्यांनी हत्ती सोडून दिला होता. लूट १७२७ची, तर मोहीम १७३३ची. मधल्या सहा वर्षांत छत्रपती शाहू आणि पेशवे बाजीराव या दोघांचीही स्वामींवर श्रद्धा असताना कोकणात मोठी स्वारी निघाली नाही. ती निघाली जंजिऱ्याचा मुख्य सिद्दी रसूल याकूतखान मरण पावल्यावर. वारसांत रक्तपात झाला, त्यांच्यातला अब्दुल रहमान बाजीरावांना येऊन मिळाला, आणि आयती चालून आलेली संधी पेशव्यांनी साधली.

स्वामींचा वाटा नगण्य होता, असा याचा अर्थ काढणे हा दुसऱ्या टोकाचा दोष होईल. स्वामी पेशव्यांचे गुरू तर होतेच, शिवाय सावकारही होते. परशुरामाचा सूड घ्यावा म्हणून त्यांनी पत्रांमागून पत्रे लिहिली. द. ब. पारसनीस यांनी हा पत्रव्यवहार छापून प्रसिद्ध केला आहे. पत्रांमुळे दरबारात निकड निर्माण झाली असेल. मुहूर्त जंजिऱ्यातल्या दुहीने ठरवला.

मग हत्तीवरून एवढे रामायण का घडले? उत्तर नकाशात आहे. हत्ती अडवला गेला त्या मुलखाच्या उत्तरेला वाशिष्ठी नदी आणि दक्षिणेला शास्त्री. वाशिष्ठीच्या मुखावरचे अंजनवेल आणि आत चिपळूणजवळचा गोवळकोट सिद्दीकडे. शास्त्रीच्या मुखावरचा जयगड आंग्र्यांकडे. मधली भूमी दोन आरमारांच्या सीमेवरची. खाडी ज्याच्या हाती, त्याच्या हाती बंदर, जकात आणि घाटाकडे जाणारा माल. अशा मुलखातून शत्रूचा हत्ती चालला, तर तो अडवला जाणारच होता. हत्ती नसता, तर गलबत निमित्त झाले असते.

लढाईचा पुढचा क्रम हेच दाखवतो. १६८९पासून मराठ्यांच्या हातून गेलेला रायगड १७३३च्या जूनमध्ये छत्रपतींच्या प्रतिनिधींनी किल्ल्यातली माणसे फोडून घेतला. डोंगरी किल्ला असा घेता येतो. खाडीवरच्या किल्ल्याचे गणित वेगळे: जमिनीवरून कितीही घट्ट वेढा घातला, तरी भरतीबरोबर होड्या येतात आणि धान्य, दारूगोळा आत पोहोचतो. हा मार्ग तोडायला आरमार हवे, आणि ते पेशव्यांकडे नव्हते. ते आंग्र्यांकडे होते. ऑगस्टमध्ये सेखोजी आंग्रे वारले, त्यांच्या भावांत भाऊबंदकी माजली, आणि मुंबईकर इंग्रजांनी सिद्दीला हात दिला. बाजीरावांसारख्या घोडदळाच्या सेनापतीला वर्षअखेर तह करून परतावे लागले.

१९ एप्रिल १७३६ रोजी रेवसजवळ चरईच्या लढाईत बाजीरावांचे भाऊ चिमाजी अप्पा यांनी सिद्दी सातला ठार केले. सूड पुरा झाला. कथा हत्तीची असती, तर ती येथेच संपायला हवी होती. पण परशुरामाच्या डोंगराखालचा गोवळकोट त्यानंतरही सिद्दीकडेच राहिला, अंजनवेलही. दोन्ही किल्ले १७४५ साली घेतले ते तुळाजी आंग्र्यांनी. त्यांची नावे गोविंदगड आणि गोपाळगड झाली. त्याच वर्षी ब्रह्मेंद्रस्वामींनी देह ठेवला.

जे काम पेशव्यांच्या घोडदळाला साधले नाही, ते आंग्र्यांच्या आरमाराने केले. अकरा वर्षांनी, फेब्रुवारी १७५६मध्ये, विजयदुर्गाच्या बंदरात हेच आरमार इंग्रजांच्या माऱ्याखाली जळून गेले. त्या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते.