किल्ल्या कोणाच्या हातीं?

उन्माद व विषाद यांचे फेरे आणणाऱ्या द्विध्रुवी विकारांतील उन्मादावर लिथियम चालतें, हें जॉन केड यांनीं १९४९ सालीं दाखविलें. परंतु नोकरी, हळदीकुंकवाचें आमंत्रण, हातीं चार पैसे हीं गोळीनें येत नाहींत. देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनें २०११ सालीं 'तराशा' हा उपक्रम काढला, तो मनोरुग्णालयांतून बऱ्या होऊन निघालेल्या स्त्रियांस निवारा व काम मिळावें म्हणून.

आमच्या घरांतून अशी सून परतली, कीं प्रथम किल्ल्या काढून घेतात. ती मोकळेपणीं हंसली, तरी 'पुन्हां चढलें' म्हणतात. उन्मादाच्या भरांत पैसा उडतो, हें आम्ही नाकारीत नाहीं. मात्र त्याचा बंदोबस्त ती बरी असतांना, तिच्याशीं बोलून ठरवावा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें तर आपले उपचार कसे व्हावेत, हें आधींच लिहून ठेवण्याचा हक्कही तिला दिला आहे.